लोटूच्या चपला

लोटू दारू प्यायला की कसा चालतो, हे सगळ्या खान्देशाला पाठ होतं. डावा पाय नंदुरबारकडे, उजवा शिरपूरकडे, आणि मधलं धड कुठे जायचं ते न ठरल्यामुळे जागच्या जागी हेलकावे खात राहायचं. लग्नाच्या मांडवात पोरं तशी चालून दाखवायची. म्हातारी माणसं मोबाईलवर ते व्हिडिओ बघून कवळी सांभाळत हसायची. पण लोटूचं काम करणारा कुंदन बोरसे खरोखर पिऊन घरी येतो तेव्हा कसा चालतो, ते एकट्या त्याच्या बायकोला, सुषमाला, माहीत होतं. तो सरळ चालायचा. इतका सरळ, की बघणाऱ्याने म्हणावं, काय शिस्तीचा माणूस आहे हा!

पिऊन आलेला कुंदन दाराची कडी आवाज न करता लावायचा. शर्ट हँगरला अडकवायचा. माठातलं पाणी घेतलं की झाकण पुन्हा नीट बसवायचा. आणि या सगळ्याच्या आधी उंबऱ्याबाहेर चपला काढायचा, त्या अगदी जोडीने, टाचेला टाच लावून, दुकानदाराने मांडून ठेवल्यासारख्या. न पिता आला की एक चप्पल जिन्यात आणि दुसरी शेजारच्या सरलाबाईंच्या दारात. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर सुषमा एवढं शिकली होती की नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, चपलांकडे बघायचं. तोंड नटाचं होतं, ते काहीही करू शकत होतं. ही खूण तिने कोणाला सांगितली नव्हती. नवऱ्याला तर नाहीच. त्याला कळलं की तो सावध होणार, आणि मग आपल्या हातात काय राहणार?

त्या रविवारी सकाळी कुंदन दूध घेऊन आला तेव्हा एक चप्पल दारात उपडी पडली होती आणि दुसरी थेट पायरीवर. सुषमाने ती बघितली, सुस्कारा सोडला आणि चहा टाकला. त्याने दारू सोडून वर्ष उलटून गेलं होतं, तरी तिची ही तपासणी सुटली नव्हती. आज तर सुटणं शक्यच नव्हतं. आज त्याच्या आत्मचरित्राचं प्रकाशन होतं.

आता हा प्रकार सुरू कसा झाला ते सांगायला हवं. कुंदन मूळचा सुरतेच्या साडी मार्केटातला घडी घालणारा कामगार. डिंडोलीत मोबाईलचं दुकान चालवणाऱ्या गजेंद्रने गंमत म्हणून अहिराणी व्हिडिओ काढायला घेतले आणि मित्राला बेवड्याचं काम दिलं. तो लोटू असा काही चालला, की वर्षभरात गजेंद्रने दुकान भाड्याने दिलं आणि दोघे लग्नांमधून, जत्रांमधून कार्यक्रम करू लागले. एका व्यापाऱ्याने साडीच्या खोक्यावर लोटूचं चित्र छापलं. सिग्नल तोडला तरी पोलीस हसून सोडून देत. कुंदनच्या डोक्यात हवा गेली नसती तरच नवल.

गजेंद्रच्या मते मात्र कार्यक्रमात एक कसर होती. लोटू स्टेजवरून खाली उतरायचा, पहिल्या रांगेतल्या एखाद्या आजोबांच्या मांडीवर बसायचा, आणि त्याच्या तोंडाला वास यायचा बडीशेपेचा. "पब्लिकले वास बी येवाले पाहिजे भो," गजेंद्र म्हणाला. "पेवानी नही. फक्त गुयनी मार आनि थुकी टाक." झालं. कार्यक्रमाआधी दारूची एक गुळणी करायची आणि थुंकून टाकायची, असा रिवाज पडला. दोन वर्षं कुंदन इमानदारीने थुंकत होता. मग शहाद्याच्या एका कार्यक्रमात, कडाक्याच्या थंडीत, तो थुंकला नाही.

पुढचं सुरतेतल्या कुठल्याही बाईला वेगळं सांगावं लागत नाही. गुजरातेत दारूबंदी, आणि हद्द ओलांडली की लगेच नवापूर. "नवापूरला शूटिंग आहे" असं सांगून कुंदन जाऊ लागला. शूटिंग बंद पडलं तरी नवापूर बंद पडलं नाही, आणि नवापूर जमत नसे तेव्हा गल्लीच्या टोकाला गावठी दारूची पोटली मिळत होतीच. शेवटी एका हळदीच्या कार्यक्रमात तो स्टेजवर कोसळला आणि त्याने रक्ताची उलटी केली. लोकांना वाटलं, लोटूची नवी करामत आहे. सुषमा पहिल्या रांगेतून ओरडत धावली तेव्हा तिच्या मागे टाळ्या वाजत होत्या.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "या वेळी वाचला. पुन्हा प्यायला लागला तर माझ्याकडे आणू नका, माझ्या हातात काही राहणार नाही." मग पलसाण्याजवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने काढले. तिथून सुटल्यावर दगाभाऊ भेटले. हे स्वतः जुने पिणारे, डाइंग मिलमधून निवृत्त झालेले, आणि गोडादऱ्यात एका खोलीत रोज संध्याकाळी दारू सोडलेल्यांना जमवून बसणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी सुषमाला बजावलं होतं, "ताई, घेतली ते घेतली, पन त्याच दिन मले येवून सांगा. दुसरा दिन उशीर व्हई जास."

पुस्तकाची कल्पना केदार सरांची. ते महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षक, मूळचे नाशिकचे, शुद्ध बोलणारे आणि भाबडे. कुंदन बोलायचा, ते मोबाईलवर टिपून घ्यायचे आणि घरी जाऊन लिहायचे. ते दोघे बाहेर बसले की सुषमा आतल्या खोलीत साड्यांना खडे चिकटवत बसायची आणि टीव्हीचा आवाज वाढवायची. जे आपण एकदा सोसलं ते पुन्हा ऐकायचं कशाला? पुस्तक छापून आलं तेव्हा तिने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि देवाशेजारी ठेवून दिलं. उघडलं मात्र नाही.

समाजाच्या वाडीच्या, म्हणजे कार्यालयाच्या, दारात पोहोचताच तिची नजर वर गेली. फाटकावर भलंमोठं बॅनर होतं. पुस्तकाचं चित्र कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढं. बाकी सगळा लोटू, हातात बाटली घेऊन. खाली अक्षरं: लोटू परत येतोय!

"गजेंद्र, हे काय शे?" कुंदन थबकला. "लोटू करणार नही म्हणून सांगेल होतं ना मी?"

"दोन मिनिट भो, फक्त दोन मिनिट," गजेंद्रने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "पब्लिक काय पुस्तक लेवाले येल शे का? तुले दखाले येल शे. कानबाईना सन आठ दिवसांवर उना, समदा समाज आते सुरतमा शे. आते नही ते कव्हय?" आणि मग सुषमाकडे वळून, अगदी लाडात, "काय वैनी, बराबर ना?"

कुंदनने तिच्याकडे बघितलं. ती नाही म्हणाली असती तर तो नाही म्हणाला असता, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. पण समाजाचे अध्यक्ष हार घेऊन उभे होते, बायका कौतुकाने बघत होत्या, केदार सर घामेजल्या चेहऱ्याने "चला, उशीर होतोय" म्हणत होते. चारचौघांत नवऱ्याला अडवायची सवय सुषमाला नव्हती. तिने पदर सावरला आणि बाजूला बघितलं. नंतर सबंध दिवस ती याच एका गोष्टीसाठी स्वतःला शिव्या घालत होती.

आत वाडी गच्च भरली होती. स्टेजच्या पायथ्याशी टेबल होतं, त्यावर पुस्तकांची चळत, आणि माणसं रांगेने येऊन कुंदनला टोपी-रुमाल-नारळ देत होती. खान्देशी माणूस सत्कार करायला लागला की थांबत नाही. सुषमा शेजारी उभी राहून नारळ मागच्या पोत्यात टाकत होती आणि रुमालांची घडी घालत होती. तेवढ्यात एका जाड मिशीच्या माणसाने गाठ मारलेला रुमाल तिच्या हातात ठेवला आणि डोळा बारीक करून म्हणाला, "वैनी, भाऊले द्या. खास नवापूरहून लई येल शे."

रुमालात नारळाची गोलाई नव्हती. काहीतरी चपटं होतं, गार, आणि हलवलं की आत हिंदकळत होतं.

त्या माणसाच्या डोळ्यांत वाईट काही नव्हतं. देवाला आवडतं ते देवापुढे ठेवावं इतक्या मनोभावे त्याने ती चपटी आणली होती. सुषमाला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी हातातली वस्तू कुठे टाकावी ते सुचेना. कोणाला देणार? बाहेर पोलिसांची गाडी उभी होती, आणि गुजरातेत भरली बाटली हातात घेऊन कचऱ्याची पेटी शोधत फिरणाऱ्या बाईला कोण काय म्हणेल! तिने इकडेतिकडे बघून तो रुमाल तसाच नारळांच्या पोत्यात कोंबला आणि वर आणखी नारळ रचले. कुंदन सही करत होता. त्याने बघितलं नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

"आणि आता," केदार सरांचा आवाज माइकवरून आला, "ज्या माउलीने हा सगळा प्रवास सोसला, त्या सौ. सुषमाताई बोरसे यांनी कृपया मंचावर यावं."

टाळ्या. दोन बायकांनी तिला हाताला धरून वर नेलं. ओटी भरली, साडी दिली, सरांनी तिच्या त्यागावर लांबलचक बोलून घेतलं. सुषमा मान खाली घालून उभी, आणि तिचं सगळं लक्ष स्टेजच्या कडेवरून पोतं दिसतं का इकडे. पोतं दिसत नव्हतं. खालच्या खुर्चीत कुंदनही दिसत नव्हता.

ओटीचे तांदूळ सांडत ती खाली उतरली. पोत्याच्या तोंडाशी रुमाल पडला होता, गाठ सोडलेला. आत काही नव्हतं.

तिने नारळ उपसले, पोतं उलथं केलं, टेबलाखाली वाकून बघितलं. एक बाई म्हणाली, "काय हरवनं व वैनी?" सुषमा म्हणाली, "काही नही, सुपारी." मग ती स्टेजमागच्या बोळात शिरली. बोळाच्या टोकाला कलाकारांची खोली होती. पलीकडे आचारी मिरच्या तळत होता, त्या खाटाने डोळ्यांना पाणी आलं. खोलीचं दार बंद होतं.

दाराबाहेर चपला होत्या. कुंदनच्याच. टाचेला टाच लावून, जोडीने मांडलेल्या.

सुषमा भिंतीला टेकली. दार ठोकावं की गजेंद्रला हाक मारावी की सरळ आत घुसावं? आणि घुसून काय करणार, पोटातली बाहेर काढता येते का? तिला त्या हळदीच्या मांडवातल्या टाळ्या ऐकू यायला लागल्या. मग कळलं की टाळ्या खऱ्याच आहेत, बाहेर लोक "लोटू! लोटू!" करत आहेत.

दाराची कडी आवाज न होता निघाली. कुंदन बाहेर आला. टोपी वाकडी, शर्ट अर्धा खोचलेला, अनवाणी. गजेंद्र त्याला खेचायला धावतच आला आणि दोघांच्या मध्ये घुसला. मिरचीच्या खाटात सुषमाला दुसरा कसला वास आला की नाही, ते काही केल्या सांगता येईना. कुंदनने तिच्याकडे बघितलं नाही. तो स्टेजवर गेला.

आणि लोटू परत आला. काय काम केलं म्हणता! डावा पाय, उजवा पाय, मधलं धड, सगळं जिथल्या तिथे. तो खाली उतरून समाजाच्या अध्यक्षांच्या मांडीवर बसला, त्यांना बायको समजून रडला. माणसं खुर्च्यांवरून घसरत होती. सुषमा खांबाआड उभी राहून हिशोब लावत होती. झोकांड्या म्हणजे नाटक, नाटक म्हणजे शुद्धीत. पण मग चपला? चपला म्हणजे... ती पुन्हा पहिल्यापासून विचार करू लागे आणि तिथेच येऊन अडे.

एकाएकी कुंदन थांबला. टोपी काढली, शर्ट नीट खोचला, आणि टेबलावरचं पुस्तक उघडून माइकसमोर उभा राहिला. गजेंद्र कडेने हातवारे करत होता, की अजून थोडं लोटू, अजून थोडं. कुंदनने वाचायला सुरुवात केली. केदार सरांच्या शुद्ध मराठीत त्याचा आवाज परका वाटत होता.

"माझी बायको मला माझ्या चपलांवरून ओळखायची. मी प्यायलो की चपला जोडून ठेवतो, हे तिला कळलं होतं. तिला कळलंय, हे मला कळलं होतं. मग मी पिऊन आलो की मुद्दाम एक चप्पल इकडे आणि एक तिकडे फेकायला लागलो. ती चपला बघायची, सुस्कारा टाकायची आणि मला गरम भाकरी वाढायची. इतका चांगला अभिनय मी कुठल्याच स्टेजवर केला नाही."

लोक खदखदून हसले. कोणीतरी शिटी मारली. पुढच्या रांगेतल्या बायका मागे वळून खांबाकडे बघायला लागल्या, हसऱ्या तोंडाने.

सुषमा हसली नाही. तिला आधी राग आला, मग इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. किती वेळा तिने त्या विस्कटलेल्या चपला बघून देवाला हात जोडले होते! किती भाकऱ्या थापल्या होत्या! आणि आज सकाळची ती उपडी चप्पल? ती कोणत्या हिशोबात धरायची? पुस्तकात खरं लिहायचं म्हणून या माणसाने खरं लिहिलं, आणि तिच्याजवळची एकुलती एक खूण सगळ्या समाजासमोर मोडून टाकली. आता सरळ चपलेला अर्थ नव्हता आणि वाकड्या चपलेलाही नव्हता.

घरी जाताना रिक्षात मागे नारळांचं पोतं, हार, साड्या आणि सुषमा. कुंदन पुढे ड्रायव्हरला खेटून बसला. जागा नाही म्हणून बसला, की तिच्याजवळ बसायचं नव्हतं म्हणून? ड्रायव्हरने त्याला ओळखलं होतं आणि तो सारखा "लोटूभाई, एक डायलॉग तो मारो" म्हणत होता. कुंदन नुसती मान हलवत होता. मागून त्याची मान दिसत होती, घामाने चिकटलेले केस दिसत होते. आरसा होता, पण त्यात ड्रायव्हरचंच तोंड होतं. डिंडोलीतलं घर येईपर्यंत सुषमाने ओटीतली सुपारी मुठीत घट्ट धरून ठेवली होती.

जिना चढून दोघं वर आली. तिने कुलूप काढलं, पोतं आत ओढलं, आणि सवयीने वळून उंबऱ्याबाहेर बघितलं.

चपला जमिनीवर नव्हत्या. कुंदन दारात अनवाणी उभा होता, दोन हातांत दोन चपला घेऊन. शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा.

"सुषमा," तो म्हणाला, "आते कश्या ठेवू?"

शेजारी सरलाबाईंचा टीव्ही चालू होता. खाली कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं. इतक्या वर्षांत जे एकदाही विचारलं नव्हतं, ते तिने विचारलं. आजवर तिने चपला बघितल्या होत्या, माठाचं झाकण बघितलं होतं, शर्ट हुंगला होता, पण त्याला तोंडावर कधी विचारलं नव्हतं.

"पिधी का तुम्ही?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! या माणसाने हजारो लोकांना पटवलं होतं, एका बायकोला पटवणं काय अवघड होतं? ती "नाही" ऐकायला तयार होऊन उभी होती, आणि "नाही" ऐकलं तरी विश्वास बसणार नाही, हेही तिला ठाऊक होतं.

"गुयनी करी," तो म्हणाला.

"गजेंद्रनी सांगं?"

"कोनी नही सांगं. तू रुमाल पोतामा टाका ना, तव्हय मी दखं. मीच काढी. थुकी दिधी. समदी थुकी दिधी मी, सुषमा. बाकीनी मोरीमा वती टाकी." त्याने हातातल्या चपलांकडे बघितलं. "मंग खोलीमा जाता जाता चपला काढ्यात, त्या आपोआप जोडीमा लागी गयात. मले धाक लागना."

सगळी थुंकला की थोडी गेली पोटात? मोरीत ओतली की आणखी कुठे ठेवली? तिला माहीत नव्हतं आणि आता कळायचा उपायही नव्हता. पण ज्याला लपवायचं असतं तो गुळणीचं नाव तरी कशाला काढेल? हे सगळं ज्या गुळणीपासून सुरू झालं, तीच त्याने स्वतःच्या तोंडाने तिला सांगितली होती. तिला रडायचं होतं, त्याला मारायचं होतं, आत जाऊन दार लावून घ्यायचं होतं. बाहेर अजून ऊन होतं. गोडादऱ्याच्या त्या खोलीत आत्ता कुठे सतरंज्या अंथरत असतील.

"चपला घाला," ती म्हणाली.

"कथा जानं शे?"

"दगाभाऊकडे. आत्ताच्या आत्ता."

"त्यासले काय सांगू मी?"

"जे मले सांगं, तेच."

कुंदन वाकला आणि चपला पायात सरकवू लागला. सुषमाने कुलूप पुन्हा हातात घेतलं. मग तिने त्याच्या पायांकडे बघायचं सोडून, कितीतरी वर्षांनी, त्याच्या तोंडाकडे बघितलं. ते तोंड भेदरलेलं होतं, तिच्या स्वतःच्या तोंडाइतकंच.